पावसात शर्यत भरवता, मग थांबायचीही सोय करा

प्रति,
सह्याद्रीच्या घाटांत जून ते सप्टेंबर लांब पल्ल्याच्या शर्यती भरवणारे सर्व आयोजक, रेस डायरेक्टर आणि रनिंग क्लबांचे पदाधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या शर्यतींत मी धावत आले आहे आणि गुडघे साथ देतील तोवर धावणार आहे, म्हणून हे पत्र. पावसाळी शर्यती बंद करा म्हणणारे आपल्याकडे कमी नाहीत. घाटात काही विपरीत घडलं की दुसऱ्या दिवशी त्यांची पत्रं येतात. मी त्यांच्यातली नाही. धुक्यात समोरचा माणूस दिसत नाही, नुसती त्याच्या बुटांची पचपच ऐकू येते, अशा रस्त्यावर एकवीस किलोमीटर पळण्याचं सुख ज्यानं घेतलंय त्याला ते सोडायला सांगून उपयोग नाही. साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉननं २०१२ पासून यवतेश्वरच्या घाटाची चटक लावली आणि बघता बघता प्रत्येक घाटाला आपली एक शर्यत झाली. चांगलंच झालं. गावाकडच्या पोरांना बूट मिळाले, बायका पहाटे घराबाहेर पडायला लागल्या.

पण तुमची सगळी तयारी धावणाऱ्यासाठी असते, आणि पाऊस गाठतो तो थांबलेल्याला.

धावताना आपले स्नायू जी ऊर्जा वापरतात तिच्यातला तीन चतुर्थांशाहून मोठा भाग निव्वळ उष्णता होऊन बाहेर पडतो. म्हणून वीस अंशांच्या पावसात चढ चढताना कुणालाही थंडी वाजत नाही, उलट बरं वाटतं. त्याच माणसाला वर, वळणाच्या जागी, वाऱ्यात पाच मिनिटं उभं करा. आतली उष्णता बनायची थांबते. अंगाला चिकटलेला ओला टी-शर्ट मात्र थांबत नाही. कोरड्या हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगानं पाणी अंगातली ऊब ओढून नेतं, त्यात वारा. आधी हुडहुडी भरते, मग बोटं ऐकेनाशी होतात, एनर्जी जेलचं पाकीट फाडता येत नाही, मग जीभ जड होते. शरीराच्या आतलं तापमान ३५ अंशांखाली गेलं की त्याला डॉक्टर हायपोथर्मिया म्हणतात. हे हिमालयात जाणाऱ्यांचं दुखणं, आपला त्याच्याशी काय संबंध, असं तुमच्यातल्या एकानं मला तोंडावर ऐकवलं होतं. त्याला बर्फ लागत नाही. ओलं अंग, वारा, दमणूक आणि मंदावलेली चाल, एवढं पुरतं.

ही मंदावलेली चाल कुणाची असते, तेही बघा. पहिल्या शंभरात येणारी पोरं दीड-पावणेदोन तासांत कोरड्या कपड्यांत असतात. घाटात अडकतो तो साडेतीन तासांच्या कट-ऑफला, म्हणजे शर्यत संपवायच्या मुदतीला, जेमतेम पोहोचणारा. पन्नाशीची बाई, पहिल्यांदाच हाफ करणारा बँकेतला माणूस, गोळा आल्यानं चालत उतरणारा. तो सर्वांत जास्त वेळ भिजतो, सर्वांत कमी उष्णता बनवतो, आणि तो पोहोचतो तेव्हा तुमच्या हायड्रेशन पॉइंटवरची केळी संपलेली असतात आणि टेबलं टेम्पोत चढत असतात. हे मी गेल्या हंगामात एका घाटात पाहिलं. कुठला घाट ते सांगत नाही, साताऱ्याचा नव्हे एवढं सांगते. शेवटच्या दोनशे जणांना मिळालं ते मार्शलचं ‘चला, चला, रस्ता खुला करायचाय’.

त्याच शर्यतीची सुरुवात सांगण्यासारखी आहे. फ्लॅग-ऑफची वेळ सकाळी साडेसहा. आम्ही सहापासून होल्डिंग एरियात, म्हणजे दोरी बांधलेल्या उघड्या मैदानात. पाऊस तिरपा. प्रमुख पाहुणे वाटेत. ते आले, मग दीपप्रज्वलन (छत्री धरून, तीन काड्या विझल्यावर), मग सत्कार, मग ‘सुदृढ तालुका’ या विषयावर दोन शब्द, जे दोनशे तरी झाले असतील. शर्यत सुरू झाली तेव्हा आम्ही सगळे आधीच चिंब होऊन काकडलेले. काहींनी अंगावर कचऱ्याच्या काळ्या पिशव्या चढवल्या होत्या, डोक्याला आणि हातांना भोकं पाडून. हे जुने खेळाडू. नव्यांना ती युक्ती ठाऊक नव्हती आणि सांगायला कुणी नव्हतं. पाहुण्यांचा मान राखायला माझी ना नाही. तो बक्षीस समारंभात राखा, तिथं छत असतं.

आता जरा लांबची गोष्ट सांगते. ती तुम्हाला माहीत असणार, पण तिच्यातल्या काही बारीक गोष्टींकडे तुमचं लक्ष वेधायचं आहे.

२२ मे २०२१. चीनच्या कान्सू प्रांतात, बाइयिन शहराच्या हद्दीत, पीत नदीच्या काठी खडकांच्या सुळक्यांचं एक उद्यान आहे. तिथं शंभर किलोमीटरची डोंगरी शर्यत होती, १७२ धावपटू. सकाळी नऊला सुटली. आदल्या दिवशीच हवामान खात्यानं जोराच्या वाऱ्याचा इशारा दिलेला होता. दुपारच्या सुमाराला दुसऱ्या आणि तिसऱ्या तपासणी ठाण्याच्या मधल्या पट्ट्यात, म्हणजे आठेक किलोमीटरमध्ये सुमारे हजार मीटरची चढण, तिथं गारा, गोठवणारा पाऊस आणि उभं राहू न देणारा वारा आला. एकवीस माणसं गेली. त्यांत लियांग जिंग होता, चीनमधला नावाजलेला अल्ट्रा धावपटू, एकतीस वर्षांचा. आणि ह्वांग क्वानजुन होता, ज्यानं अपंगांच्या राष्ट्रीय स्पर्धेत मॅरेथॉन जिंकली होती, ज्याला ऐकू येत नव्हतं आणि बोलता येत नव्हतं. म्हणजे कच्चे खेळाडू गेले, पक्के वाचले, असं तिथं झालं नाही. पुढे असलेले, वेगवान, सडपातळ, हलके कपडे घातलेले त्या पट्ट्यात आधी पोहोचले आणि आधी सापडले.

वाऱ्या-पावसाचं जॅकेट त्या शर्यतीत सक्तीचं नव्हतं, नुसती शिफारस होती. सकाळ बरी दिसत होती म्हणून अनेकांनी ते पुढच्या ठाण्यावर पाठवायच्या पिशवीत टाकलं. त्या ठाण्यावर पोहोचायला अर्ध्याहून जास्त शर्यत पळायची होती. जवळ होती ती चंदेरी पातळ ब्लँकेटं, ती वाऱ्यानं फाडली. तिसरं ठाणं डोंगरावर होतं, तिथं गाडी पोहोचत नव्हती, म्हणून तिथं गरम पाणी नाही, खाणं नाही आणि तिथून खाली न्यायची सोयही नाही. पुढे जायचं नाही म्हणणाऱ्या माणसाला त्या सबंध पट्ट्यात बसायला जागा नव्हती.

एक जागा होती. जू कमिंग नावाचा मेंढपाळ तिथल्या एका गुहेत पावसाच्या आडोशाला होता. तिथं त्यानं जाळ केला, बाहेर विव्हळणारी माणसं आत आणली, ओले कपडे उतरवले, गोधड्या दिल्या. सहा जण वाचले. त्यांना धावायला लावणारी यंत्रणा मोठी होती, जीपीएसपासून टायमिंगपर्यंत. वाचवलं ते आडोसा, जाळ आणि कोरडं पांघरूण या तीन गोष्टींनी.

पुढं चीन सरकारनं अशा शर्यतींवरच बंदी आणली, अधिकाऱ्यांना शिक्षा झाल्या. इथं तसं व्हायची वाट बघायची आपल्याला गरज नाही.

आपले घाट म्हणजे कान्सू नव्हे, हे मलाही कळतं. आपल्याकडे पारा शून्याकडे जात नाही. आपल्याकडे दरड आहे, रस्त्यावरून वाहणारा ओढा आहे, शेवाळलेलं डांबर आहे. माळीण २०१४, तळीये २०२१, इर्शाळवाडी २०२३, तिन्ही दरडी जुलैच्या उत्तरार्धातल्या, तिन्ही सलग पावसानंतरच्या. त्या वेळी तिथं कुणी शर्यत भरवली नव्हती, पण डोंगर तोच, महिना तोच आणि तुमच्या कॅलेंडरवरचे रविवारही त्याच महिन्यातले. भुशी धरणाजवळ जून २०२४ मध्ये एका कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली तेव्हा पाणी मिनिटांत चढलं होतं. घाटातल्या ज्या मोरीवर तुम्ही निळं कापड टाकून सेल्फी पॉइंट करता, तिच्या वरच्या अंगाला पाणी किती साठतं हे विचारायला फार लांब जावं लागत नाही. पोलीस पाटलाला विचारा, नाहीतर भात लावणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा. कुठला ओढा कधी रस्त्यावर येतो हे तिला तोंडपाठ असतं. रूट ठरवताना तुम्ही ड्रोन उडवता, तिच्याशी बोलत नाही.

यातून मी मुद्द्याच्या गोष्टीवर येते. शर्यत थांबवायचा निर्णय तुमच्यात कोण घेतं? आणि कशावरून?

मी हे दोन-तीन आयोजकांना विचारलं. उत्तर बहुतेक एकच आलं, ‘तेव्हाची परिस्थिती बघून ठरवतो’. परिस्थिती म्हणजे काय, तर पहाटे साडेचार, मंडप उभा, टी-शर्ट वाटून झालेले, प्रायोजकाचा माणूस बॅनर सरळ करतोय, मुंबईहून रात्रभर गाडी चालवत आलेली मंडळी वॉर्म-अप करतायत, आणि वर ढग. त्या घडीला ‘नाही’ म्हणायला देवमाणूस लागेल. तुम्ही चांगली माणसं आहात, पण त्या घडीला तुमच्यावर विसंबून राहायची माझी तयारी नाही. न्यूयॉर्कसारख्या शहराला ते जमलं नव्हतं. २०१२ साली सँडी वादळ २९ ऑक्टोबरला आदळलं, मॅरेथॉन ४ नोव्हेंबरला होती. महापौर होणार, होणार म्हणत राहिले आणि शुक्रवारी, २ नोव्हेंबरला, जगभरातून लोक येऊन पोहोचल्यावर रद्द झाली. रद्द केली ते बरोबरच होतं. चिडचिड झाली ती उशिरामुळे.

शिकागोचं उदाहरण याहून कामाचं. २००७ च्या ऑक्टोबरात तिथं अचानक उकाडा झाला, तीस अंशांच्या वर. पाण्याच्या टेबलांवर पाणी संपलं, शर्यत अर्ध्यात थांबवायची वेळ आली, आणि थांबा म्हटल्यावर थांबायचं कसं, जायचं कुठं, हे हजारो लोकांना कळेना. त्यानंतर त्यांनी रंगांची पद्धत पक्की केली. हिरवा, पिवळा, लाल, काळा. वाटेतल्या प्रत्येक टेबलावर त्या घडीचा रंग लावलेला असतो, आणि कुठल्या रंगाला काय करायचं हे धावपटूला आधीपासून माहीत असतं. काळा लागला की शर्यत संपली, वाद नाही.

आपल्याकडे तर रंग आयते आहेत. हवामान खातं यलो, ऑरेंज, रेड रोज देतं, आणि आता पुणे घाट, सातारा घाट, कोल्हापूर घाट असे इशारे सपाटीपासून वेगळे देतं. तीन तासांचा तातडीचा अंदाज येतो. विजांसाठी पुण्याच्याच उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप आहे, फुकट. शेतकऱ्याच्या नुकसानभरपाईसाठी सरकार महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर हा आकडा अतिवृष्टी म्हणून धरतं. त्या आकड्याबद्दल शेतकऱ्यांच्या तक्रारी खूप आहेत, पण आकडा आहे, त्यावर बोट ठेवून भांडता येतं. तुमच्या माहितीपत्रकात असा एकही आकडा नाही. तिथं असतं काय, तर ‘आयोजकांचा निर्णय अंतिम राहील’.

तो अंतिम राहू द्या, फक्त आधी लिहा. आदल्या दिवशी संध्याकाळी सहाला घाटाला रेड असेल तर शर्यत नाही. ऑरेंज असेल तर घाट चढायचा नाही, पायथ्याच्या रस्त्यावर दहा किलोमीटर पळू, तो मार्ग पोलिसांकडून आधीच मंजूर करून ठेवलेला. शर्यत चालू असताना गडगडाट झाला तर शेवटच्या गडगडाटापासून अर्धा तास सगळे आडोशाला. हे ठरवणारे तीन जण असावेत, रेस डायरेक्टर, शर्यतीचा डॉक्टर आणि वाटेतल्या गावातला एक जाणता माणूस. दोघांनी नको म्हटलं की नको. प्रायोजक त्या खोलीत नसावा. माझे आकडे चुकत असतील तर तुमच्या डॉक्टरांना विचारून तुम्ही वेगळे लिहा, पण नोंदणीचे पैसे घ्यायच्या आधी लिहा.

पैशांचं नाव निघालंय तर तेही. पंधराशे-दोन हजार फी, हॉटेलची खोली, गाडीचं पेट्रोल. ‘फी परत मिळणार नाही, पुढच्या वर्षी वळती होणार नाही, बिब (छातीवर लावायचा नंबर) दुसऱ्याला देता येणार नाही’. तुमचा हा नियम ताप अंगात असलेल्या माणसाला स्टार्ट लाइनवर आणून उभा करतो. मला यातलं तुमचं गणित कळतं, टी-शर्ट, मेडल, रुग्णवाहिका यांचे पैसे आधीच गेलेले असतात. निम्मी फी पुढच्या वर्षाला वळती करा, टी-शर्ट घेऊन जा म्हणा. तेवढ्यानंही पुष्कळ लोक घरी झोपून राहतील. आणि आपल्या रनिंग ग्रुपांनाही एक विनंती: जो मध्येच थांबला त्याचा ‘डीएनएफ’ (शर्यत पुरी न केलेला) म्हणून व्हॉट्सॲपवर उद्धार करणं बंद करा. वर चढवलेल्या माणसाला लाजेपोटी खाली बसता येत नसेल, तर आयोजकानं ठेवलेली खुर्ची रिकामीच राहील.

२०१८ ची बॉस्टन मॅरेथॉन मला यासाठी आवडते. १६ एप्रिल, तीन-चार अंश, मुसळधार, समोरून वारा. जगातले तेवीस अव्वल धावपटू शर्यत सोडून बाजूला झाले. त्यांची कुणी छी-थू केली नाही. अमेरिकेची डेझिरे लिंडेन सुरुवातीलाच सोडायच्या विचारात होती. दुसरी अमेरिकी धावपटू शॅलेन फ्लॅनगन, तिला तिनं सांगितलं की माझं काही खरं नाही, तुला काही मदत लागली तर करते, आणि फ्लॅनगन शौचालयाला थांबली तेव्हा लिंडेन खरंच तिच्यासाठी मागे रेंगाळली. मग तीच जिंकली, २:३९:५४ मध्ये, तेहतीस वर्षांनी अमेरिकेच्या बाईनं. पुरुषांत पहिला आला युकी कावाउची, जपानमध्ये सरकारी नोकरी करून उरलेल्या वेळात पळणारा. बायकांत दुसरी सारा सेलर्स, रुग्णालयात भूल देण्याचं काम करणारी परिचारिका. कसलेले व्यावसायिक थंडीनं गळाले आणि नोकरदार माणसं पुढे आली, ही त्या दिवसाची मजा. पण ती मजा कशाच्या जिवावर, तर वाटेवरच्या वैद्यकीय तंबूंच्या. त्या दिवशी उपचार घेणाऱ्यांची संख्या हजारांत होती. तंबूत गरम हवा, कोरडी पांघरुणं, खाली न्यायला बस. थांबायची सोय असली की माणसं बिनधास्त पळतात, आणि वेळेवर थांबतात.

आता ज्यांच्याबद्दल कुणीच बोलत नाही त्यांच्याबद्दल.

तुमच्या हायड्रेशन पॉइंटवर उभी असतात ती पोरं. जवळच्या ज्युनिअर कॉलेजची, एनसीसीची, कधी आठवी-नववीतली. पहाटे पाचला टेम्पोतून वर नेऊन सोडतात. अंगात तुमचा ‘व्हॉलंटिअर’ लिहिलेला सुती टी-शर्ट, पायात चप्पल. दहा-साडेदहापर्यंत ती एका जागी उभी, वाऱ्यात, हातात ओले ग्लास, ‘कमॉन काका, थोडंच राहिलं’ म्हणत. आम्ही त्यांच्याजवळ दहा सेकंद असतो आणि पळून गरम होतो. ती पाच तास थांबलेली असतात. वर मी जे शरीराचं सांगितलं ते सगळ्यात आधी लागू होतं ते या पोरांना. त्या घाटातल्या शर्यतीत चौदाव्या किलोमीटरवर एक मुलगी मला ग्लास देत होती आणि तिच्या हाताच्या थरथरीनं अर्धं पाणी सांडत होतं. मी विचारलं, चहा घेतलास का? म्हणाली, ‘तो रनर्ससाठी आहे ना.’

मंडळी, याला काय म्हणायचं? इरलं घेऊन चिखलात भात लावणारी या पोरांची आई त्यांच्याहून कोरडी असते. प्रत्येकाला चांगला रेनकोट द्या, परत घ्यायचा असेल तर घ्या. दर दोन तासांनी माणसं बदला. प्रत्येक पॉइंटवर चार बांबू आणि ताडपत्री, आत बाक, थर्मासात चहा, आणि तो चहा आधी त्यांचा. अठरा वर्षांखालचं कुणी घाटमाथ्यावर नको, पायथ्याला ठेवा. एखादी शाळा तुम्हाला ‘नाही’ म्हणू शकत नाही, कारण तुमच्या समितीत तालुक्यातली मोठी माणसं असतात, म्हणून हे तुम्हीच ठरवायला हवं. आणि तीच ताडपत्री दमलेल्या धावपटूलाही कामाला येते. टेम्पोची एक फेरी जास्त झाली तरी शेवटचा माणूस खाली आल्याशिवाय ती ताडपत्री सोडू नका. मागे राहिलेल्यांना उचलणारी स्वीपर गाडी म्हणजे मागून हॉर्न वाजवणारी जीप नव्हे. तिच्यात कोरड्या चादरी हव्यात.

जॅकेटबद्दल. युरोपातल्या मोठ्या डोंगरी शर्यतीत, यूटीएमबीत, टोपीचं वॉटरप्रूफ जॅकेट, चंदेरी ब्लँकेट, शिट्टी आणि चार्ज केलेला फोन सक्तीचा असतो, नसेल तर शिक्षा होते, बाहेरही काढतात. आपल्या एकवीस किलोमीटरला एवढं लागत नाही. डांबरी घाटाला दोन-अडीचशे रुपयांचं विंडचीटर पुरे, कमरेला बांधता येणारं. पण ट्रेल असेल, रस्ता सोडून पठारावर जात असाल, तर शिट्टी आणि जॅकेट सक्तीचंच करा आणि बिब देताना बघा. ‘शिफारस’ या शब्दाचं काय होतं ते कान्सूत दिसलं. इंग्लंडमध्ये २००८ च्या ऑक्टोबरात लेक डिस्ट्रिक्टच्या डोंगरात दोन दिवसांची शर्यत वादळामुळे थांबवावी लागली, दीड हजारांवर लोक बेपत्ता असल्याच्या बातम्या झळकल्या. दुसऱ्या दिवशी जवळजवळ सगळे धडधाकट सापडले. कारण त्या शर्यतीत तंबू आणि झोपायची पिशवी पाठीवर असावी लागते. ते बेपत्ता नव्हते, थांबले होते.

काही किरकोळ गोष्टी, घाईत. हवा भरलेली कमान घाटमाथ्यावर उभारू नका, ती वाऱ्यानं माणसांवर पडते. स्पीकरची वायर ओल्या गवतातून नेऊ नका. सामानाचा काउंटर फिनिशपासून शंभर पावलांत ठेवा आणि तिथं बिब नंबरच्या पाच रांगा करा. लोक कोसळतात ते फिनिशवर नव्हे, मेडल गळ्यात घालून, सामानाच्या एकाच लांबलचक रांगेत काकडताना. बायकांना कपडे बदलायला बंद जागा हवी, हे अजूनही लिहावं लागतं याची मला लाज वाटते. प्रत्येक पॉइंटवर एक वॅसलिनचा डबा ठेवा, ओल्या शॉर्ट्सनं मांड्या सोलवटतात आणि पुरुषांच्या टी-शर्टवर छातीला रक्ताचे दोन डाग उमटतात, हसू नका. उतारावर जिथं शेवाळ आहे तिथं आदल्या दिवशी ब्लीचिंग पावडर टाकून खराटा मारला तर निम्मे पाय वाचतील.

आणि माईकवरचा तो ‘पाणी प्या, पाणी प्या’चा घोष आवरा. गार हवेत तहान कमी लागते आणि घाम कमी जातो. चार तास चालणारा माणूस प्रत्येक टेबलावर नुसतं पाणी पीत राहिला तर रक्तातलं सोडियम उतरतं. बॉस्टनच्या २००२ च्या मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या धावपटूंपैकी १३ टक्क्यांत ते कमी निघालं होतं. तहानेप्रमाणे प्या म्हणा, आणि मीठ-साखर-लिंबू ठेवा. कोकणपट्टीत शर्यत असेल तर गोष्ट आणखी वेगळी. तिथं दमट हवेत घाम वाळतच नाही, भर पावसात माणूस उष्माघातानं पडू शकतो. तिथल्या डॉक्टराला बर्फ लागेल, घाटातल्याला ब्लँकेट. रुग्णवाहिकेचं कंत्राट देताना हे दोन वेगळे कागद करा.

शेवटचं, रुग्णवाहिकेचंच. रविवारी घाटात पर्यटकांच्या गाड्या असतात. धबधब्यापाशी दोन्ही बाजूंना लागलेल्या गाड्यांमधून रुग्णवाहिका वर जात नाही. ती पायथ्याला मंडपाशेजारी फोटोत छान दिसते. एक वर ठेवा, पहाटेच चढवून, आणि तिचा चालक गाडीत असेल हे बघा.

पुढच्या हंगामाची नोंदणी तुम्ही लवकरच उघडाल. माहितीपत्रकात थांबवण्याचा नियम छापलेला असेल, कुठल्या रंगाला काय, कोण ठरवणार, फीचं काय होणार, तर आमच्या गटातले सगळे पहिल्याच दिवशी पैसे भरतील, आणि नसेल तर का नाही ते विचारणारं पत्र तुमच्या कार्यालयात सगळ्यांच्या सह्यांनिशी येईल. व्हॉलंटिअर पोरांच्या रेनकोटांसाठी वर्गणी कमी पडत असेल तर तेही कळवा. आमच्यात एकाचं घाऊक रेनकोटांचं दुकान आहे आणि तो खरेदीच्या भावात द्यायला तयार आहे. मापं मात्र जूनच्या आधी पाठवा, नंतर त्याच्याकडे माल राहत नाही.

कळावे,

आपली,
शेवटच्या दोनशेतली एक

ता. क. पाहुण्यांच्या भाषणाचं मी विनोदानं लिहिलं असलं तरी ते मनावर घ्या.